सातबाऱ्यावरचं माझं नाव

"तू नको. मागे हो, फोटोत येशील," बाईसाहेब म्हणाल्या आणि औक्षणाचं तबक माझ्या हातातून ओढून घेतलं. निरांजनातलं गरम तूप मनगटावर सांडलं. पाटावर त्यांचा मुलगा बसला होता, अमेरिकेतून पहिल्यांदाच आलेला. मी त्या घरी कामाला. त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, शाळेच्या रिक्षात बसवलं, ते मीच. त्यानं पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे तोंड केलं. पाहुणे हसले.

आणि मी? मीही हसले.

बाईसाहेब पाहुण्यांना सांगत होत्या, "ही मुलं बाहेरून पैसा पाठवतात, म्हणून हा देश चालतो." परत जाताना मुलानं मला एक डॉलर दिला. तेव्हाची मी म्हणजे अस्सल गाढव. ती नोट लक्ष्मीच्या फोटोपुढे ठेवली, दर शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहिलं. नोटेवरच्या साहेबाचं नाक लालभडक झालं. शेजारणींना बोलावून तिचं दर्शन घडवायचे.

यंदा तो आला. टक्कल पडलेलं. बाईसाहेब कधीच्या वारल्या. महाल वस्तीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मावशी." जन्मात पहिल्यांदा. मी ओळखलं, काम आहे.

काम असं. मौद्याजवळ त्याला संत्र्याची बाग घ्यायची होती. पण तो आता तिकडचा नागरिक. इथला पासपोर्ट गेला, हाती एक कार्ड. त्यावर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो, शेतजमीन घेता येत नाही. माझ्या बापाचा जमिनीचा तुकडा माझ्या नावावर आहे. सातबारा माझा, म्हणून कायद्यानं मी शेतकरी, आणि शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तर बाग माझ्या नावानं घ्यायची. पैसा त्याचा, मालकीही आतून त्याचीच.

"इतकी वर्षं या देशाला डॉलर पाठवले, आणि मलाच परकं म्हणतात. दोन्हीकडचं नागरिकत्व द्यायला काय जातं यांचं?"

"देशाले कुठं पाठवले, भाऊ? तुमच्या मायले पाठवले. त्याचा बंगला झाला. त्याची फरशी मी पुसत होती."

तो हसला. म्हातारी गंमत करते, असं वाटलं त्याला. मी म्हटलं, "घ्या माझं नाव."

रजिस्ट्रीच्या दिवशी मला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत उसाचा रस पाजला. मी आणखी एक ग्लास मागून घेतला. बागवाल्याच्या कानावर मी सगळं आधीच घातलं होतं, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतंच. तो मजा बघायला आला होता. रजिस्ट्री ऑफिसातल्या साहेबानं मला विचारलं, "आजी, जमीन तुम्हीच घेताय ना?"

"नाही जी. हे घेऊन राहिले. माझं निस्तं नाव आहे."

त्याचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. "मावशी, काय बोलताय? तुम्ही घरच्या, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"घरची होती, तं फोटोत काहून नाही?"

परतताना मी बसनं आले. उभी राहून. पाय दुखले नाहीत.

आता तो हिवाळ्यात पुन्हा येणार आहे, दुसरं नाव शोधायला. कुणाची स्वयंपाकीण, कुणाचा ड्रायव्हर, ज्याच्या नावावर वीतभर शेत आहे त्या प्रत्येकाला मावशी-काका म्हणेल. मी त्याच्या आधी पोचते आहे. मौद्याची बस धरते, एकेका दारात बसते, चहा पिते, सांगते, "नाव देऊ नका वं." त्याला यायचं तर यावं, हॉटेलात उतरावं, पाहुण्यासारखं जावं. माझा श्वास चालू आहे तोवर या तालुक्यातली मूठभर मातीही मी त्याच्या हाती लागू देणार नाही.