पाठीतली सुई आणि तंदुराची खालची भिंत

मार्गिलान शहरातल्या रेशीमबाजारामागे अनोरखान नावाच्या बाईचा तंदूर. अर्धं अंग त्याच्या तोंडात घालायचं, ओला नान आतल्या भिंतीवर थापायचा आणि लाल चेहऱ्याने बाहेर यायचं, एवढं सासूने शिकवलं होतं, त्यावर तिचं घर चाललं. पण आधी बाळंतपणं, मग साखरेचा आजार, आणि पोट असं सुटलं की तंदुराच्या ओठावरच अडायचं. वरची भिंत नानांनी भरायची, खालची रिकामी.

पोटावर बारीक भोकं पाडून, शस्त्रक्रियेने जठर लहान करायचं ठरलं. त्याची तिला भीती नव्हती. भीती होती सुईची. नंतर दुखू नये म्हणून कण्यात अफूच्या जातीचं औषध सोडणार होते, आणि गल्लीत सगळ्यांचं एकच म्हणणं, की कण्यात सुई गेलेली बाई पुन्हा वाकत नाही.

"बारीक होऊन करशील काय, वहिनी?" नणंद हदिचा म्हणाली. "खांबासारखी उभी राहून नानला हाका मारशील?"

इस्पितळात जायला निघताना रिवाजाप्रमाणे अनोरखानने एका नानचा घास तोडला. घराबाहेर पडलेलं माणूस परत येऊन तोच नान खातं, म्हणून उरलेला भिंतीवर टांगायचा. जीभ कितीही तिखट असो, खिळा हदिचानेच ठोकला.

भूल देणारी झेबिनिसो डॉक्टरीण लेकीच्या वयाची. पाठ चाचपून थकली. चरबीखाली कणा सापडेना, आणि अनोरखान भीतीने ताठ बसलेली.

"आपा, काम काय करता तुम्ही?"

"नान भाजते."

"मग वाका की तंदुरात."

अनोरखानने डोळे मिटले. पोटाशी धरलेली उशी तंदुराचा ओठ झाली. खांदे सैल सोडून, हनुवटी छातीशी नेऊन ती वाकली, पार खालच्या भिंतीपर्यंत. मुंगी चावावी तशी सुई गेली. मग झोपेचं औषध आलं.

जागी झाली ती अर्धीच. पोट जागेवर होतं, दुखणं मात्र शेजारच्या अंगणात जाऊन बसलं होतं, त्याचं बोलणं भिंतीपलीकडून यावं तसं येई. छत गोल होत होत तंदूर झालं, आणि त्याला नान चंद्रासारखे चिकटले. केव्हाच वारलेली सासू वर बसून पीठ चाळत होती. ते सारखं अनोरखानच्या नाकावर पडे. ती नाक खाजवी, पुन्हा पडे. परिचारिका येऊन श्वास मोजी, खोल श्वास घ्यायला लावी. खाज त्या औषधाचीच आहे, असं तिने समजावलं. अनोरखानने मान डोलावली, आणि सासूला चाळण जरा बाजूला धरायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुखणं अंगणातून घरात आलं, पण पाहुण्यासारखं, न ओरडता. चालवत होतं. वाकायला मात्र मनाई, त्यामुळे सुईने काय नेलं ते कळेना. घरी कित्येक आठवडे ती रश्शाचे घोट घेत बसली, पोट उतरत गेलं, हदिचा नान करपवत राहिली, खिळ्यावरचा नान वाळत राहिला.

डॉक्टरांनी वाकायची मोकळीक दिली त्या सकाळी अनोरखान तंदुरापुढे उभी राहिली. हदिचाने मागून तिचा झगा घट्ट धरला. अनोरखान वाकली. ओठाशी पोट अडलं नाही, पाठ कुरकुरली नाही, हात पुढे जात राहिला आणि खालच्या भिंतीवर थापटल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा हदिचा डोळे पुसत, धूर फार झाला म्हणत होती. तिने खिळ्यावरचा नान काढून चहात भिजवला. अनोरखानला नखाएवढाच गेला.

"राहू दे," हदिचा म्हणाली आणि उरलेला पुन्हा टांगला. "एक नान वर्षभर पुरवशील तू."

अनोरखान नाक खाजवत होती. या वेळी पीठ खरंच होतं.