दात्याचा पत्ता

आमचं मराठी मंडळ स्कारबरोतल्या एका चर्चचं बेसमेंट भाड्याने घेतं. वर येशू, खाली आम्ही आणि मधल्या जिन्यात साबुदाण्याच्या खिचडीचा वास. नेपाळात भूकंप झाला त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष आमचे हे होते. नोकरीतून निवृत्त, हारतुऱ्यांतून नव्हे.

चर्चची साफसफाई पाहणारी बाई नेपाळी होती. गावाकडचं घर पडलं होतं, आई वाचली होती. म्हातारी शेतात प्लास्टिकच्या तुकड्याखाली झोपत होती. पावसाळा तोंडावर आलेला. "बस एक छत मिल जाए, दीदी," एवढंच ती म्हणायची आणि पुन्हा फरशी पुसू लागायची.

चर्चची मदतसंस्था त्याच भागात ताडपत्र्या आणि पत्रे वाटत होती. त्यासाठी दर रविवारी वर एक थाळी फिरायची. लोक बंद पाकीट टाकत आणि थाळी पुढे सरकवत. ना भाषण, ना टाळ्या. ह्यांना हा प्रकार फारच अळणी वाटला. मंडळातर्फे द्यायचा म्हणून ह्यांनी पुठ्ठ्याचा चार फुटी चेक करून घेतला. पास्टरसाठी शाल आणि नारळही आणला.

जिन्याजवळची सूचना मात्र मी वाचली होती. माणसाने स्वतःच्या नावावर दिलं, तर तेवढीच भर सरकार घालणार होतं. संस्थेने दिलं, तर नाही.

"म्हणजे मंडळाच्या चेकमागे सरकार काही देणार नाही," मी म्हटलं.

"मग फोटो कशाचा काढायचा?"

"पाकिटांचा काढा."

ह्यांनी मान वर केली. समोर ती बाई खुर्च्या लावत होती. हे चेक उचलून बॉयलरच्या खोलीत ठेवून आले.

रविवारी खाली आमच्या कार्यक्रमात चर्चचीच पाकिटं वाटली. ह्यांचं भाषण त्यांच्या मानाने आटोपशीर झालं. "आपल्या गेलेल्या माणसांना स्मरून द्या," असं शेवटचं वाक्य होतं. लोकांनी डोळे पुसले, नोटा घातल्या, वर शकुनाचं एक डॉलरचं नाणं टाकलं.

मंगळवारी चर्चच्या पावत्या करणाऱ्या आजींचा फोन आला. "तुमच्या लोकांनी भरभरून दिलंय. पण दात्यांचे पत्तेच नाहीत. तुमच्याच आडनावाच्या पाकिटावर ज्यांचं नाव आहे, ते कुठे राहतात?"

"ते माझे सासरे. हल्लीचा पत्ता आम्हालाही ठाऊक नाही."

मी खुलासा केला. आमच्याकडे देवळाच्या पायरीपासून शाळेच्या पंख्यापर्यंत सगळं कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. नावाची ओळ दिसली की हात आपोआप वडिलांचं नाव लिहितो.

"सगळेच वारलेत?" आजींनी हळू आवाजात विचारलं.

"जवळजवळ सगळेच."

"अरे देवा. सरकार फक्त जिवंत माणसांचं धरतं. आणि मुदत शुक्रवारी संपते."

मग हे यादी घेऊन फोनला बसले. कुठले अण्णा कुणाचे, कुठली माई कुणाची, हे शोधण्यात तीन दिवस गेले. वॉन उपनगरातले एक गृहस्थ तर हटूनच बसले. "माझं नाव नको हो. अण्णांचंच राहू द्या. त्यांना गावात मान होता."

"अहो, अण्णांना ओटावात कुणी ओळखत नाही. तुम्ही चालाल."

"पण मी काय केलंय?"

"तुम्ही जिवंत आहात. सध्या तेवढंच पुरे."

शुक्रवारी दुपारी एकच पाकीट उरलं, ह्यांचं. चर्चच्या ऑफिसात उभं राहून ह्यांनी वडिलांच्या नावावर सावकाश रेघ मारली आणि खाली स्वतःचं लिहिलं, इतक्या बारीक अक्षरात की आजींना चष्मा बदलावा लागला.

पुढच्या महिन्यात ती बाई फोन घेऊन बेसमेंटमध्ये आली. "छत आ गया, दीदी." फोटोत म्हातारी बांबूंवर ताणलेल्या ताडपत्रीखाली बसली होती, बाहेर पाऊस. ताडपत्री कुणाच्या पैशांतली, ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ताडपत्रीभर मात्र ती वाटणाऱ्या संस्थेचं नाव छापलेलं होतं.

ह्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"अक्षरं जरा मोठीच काढलीत, नाही?" हे म्हणाले.

मी खिचडीचं झाकण काढायला वळले.