तात्यांच्या जबड्यावरची साधी गाठ

मी तात्यांना सांगितलं होतं, "कॅन्सर नाही."

जबड्यापुरतं ते खरं होतं.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं.

तात्या पळसदेवचे, पेरूची बाग. माझ्या इंदापूरच्या डेंटल क्लिनिकमध्ये दाढ दुखते म्हणून आले होते. गाल चाचपला तर जबड्याच्या कोपऱ्यावर गाठ. दगडासारखी टणक, दुखत मात्र नव्हती.

"ही कधीपासून?"

"ही व्हय? ही आमच्या घराण्याची खूण हाय, मॅडम. आबांना हुती, आत्याला हाय. लग्नात पावणं गाल बघून वळकत्यात, ह्यो त्यांच्यातलाच!"

मी खळखळून हसले.

आबा कशानं गेले, ते विचारलं नाही.

एक्स-रेत एक नाही, तीन गाठी दिसल्या. शिवाय हाडात अडकलेला एक जादा दात. ऑस्टिओमा. हाडाचीच वाढ, पसरत नाही, जीव घेत नाही. निदान अगदी बरोबर होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

हाच प्रश्न मी कॉलेजात परीक्षेला लिहिला होता. अशा अनेक गाठी आणि जादा दात दिसले तर आतडं तपासा. आत पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, असू शकतात, त्यांचा पुढं कॅन्सर होतो, आणि हे घराण्यात उतरतं.

पेपरात लिहिलं. माणूस समोर बसला तेव्हा दाढ भरली आणि घरी पाठवलं.

"नक्की कॅन्सर न्हाय ना, मॅडम?"

"नक्की, तात्या. बिनधास्त राहा."

दुसऱ्या दिवशी क्रेटभर पेरू आले.

तात्या बिनधास्त राहिले. संडासला रक्त पडायचं, तरीही. त्यांची बायको, काकू, दाखवून या म्हणून मागं लागल्या की म्हणायचे, "मॅडमनी एक्स-रे काढून सांगितलंय, कायबी न्हाय. मूळव्याध आसंल."

दीड वर्षानं बारामतीत पोट तपासलं, तेव्हा आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता.

हे मला काकूंनी दहाव्याला सांगितलं. "लई इस्वास हुता त्यांचा तुमच्यावर," म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबाही पोटानंच गेले होते.

तेव्हापासून एसटीत, बाजारात, लग्नात मी लोकांचे गाल बघते. पेरू घरात आणत नाही. बाकी सगळं नेहमीसारखं चालू आहे, याचाच जास्त राग येतो.

तात्यांच्या लेकीला, प्राजूला, तपासून घे म्हणून वर्षभर फोन करत होते. "स्थळं बघत्यात मॅडम, आत्ता नको."

आज वर्षश्राद्धाला पळसदेवला गेले. जेवणं झाल्यावर प्राजू पडवीत माझ्यासमोर येऊन बसली आणि स्वतःच म्हणाली, "बघा एकदा."

डावीकडं होती. वाटाण्याएवढी.

"साधीच हाय ना?"

माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. सवय.

"गाठ साधी असेल. पण पोट तपासायचं. उद्याच. मी गाडी घेऊन येते."

ती म्हणाली, "फेसबुकवर टाका हे. आमची भावकी बावड्यात हाय, लासुर्ण्यात हाय. समद्यांच्या गालाला हाय."

काकूंनाही विचारलं. म्हणून ही पोस्ट. त्यांच्या भावकीतलं कुणी वाचत असेल तर गालावरून हात फिरवा आणि पोटाच्या डॉक्टरांकडं जा. लाजू नका.

तात्या, माझा नमस्कार घ्या.

तुमच्या लेकीला मी बिनधास्त राहा म्हटलेलं नाही.