ओल ओढणारी मशीन

यवतमाळात ओल ओढणारी मशीन विकणारा तो माणूस मी एकदाच पाह्यला, पण त्यानं माझं डोकं पार उठवलं. नाल्याचं पाणी घरात मांडीभर चढलं होतं. पाणी उतरलं, भिंती ओल्याच राह्यल्या. घराच्या वास्तूले बायकोनं भिंतीवर हळदीच्या हातांचे छापे उठवले होते. ती चैतात गेली. आता पोपडे त्या छाप्यांपर्यंत आले होते. मले मशीनची घाई, आन् हा सवालावर सवाल करून राह्यला होता. दर सवालाले कानावरचं पेन काढे, खोक्यावर लिहे, परत कानावर ठेवे.

"खोली किती बाय किती? आतापर्यंत काय केलं?"

"खिडक्या लावून कूलर चालवला."

त्यानं कपाळावर हात मारला. "काका, कूलरचं गवत पुरात भिजलेलं! तुम्ही तं भिंतीले अजून पाणी पाजलं."

"तू सर्वात मोठी मशीन दे ना बापा!" मी खेकसलो.

"मोठी नाही. भिंत घाईनं वाळली तं तडकते. लहान न्या. पण ओढलेल्या पाण्यानं टाकी भरली का मशीन बंद पडते. रिकामी कराले घरी कोण हाय?"

"कोणी नाही."

पेन हातातच राह्यलं. "मग नळीवाली न्या. पाणी आपोआप मोरीत जाते. तुमाले उठा लागत नाही."

एवढ्या बडबडीत तेवढं एकच त्याले समजलं नाही. मी टाकीवाली आणली. तिच्यापायी दिवसातून तीनदा उठा लागते. उठलो का छापे पाहून येतो. अजून पाचही बोटं दिसतात. नाहीतर आता मले ऊठ म्हणणारं दुसरं कोण हाय?