चष्मेवाल्याचा परदेश दौरा

धुक्याचं पाणी दुकानाच्या काचेवरून ओघळत होतं. चष्मेवाल्याच्या बायकोनं शटर वर केलं, पायरी झाडली, काच पुसली, फ्रेमांचे ट्रे मांडले. नवरा तोवर खुर्चीत बसून गाडी चालवत होता. म्हणजे स्टीलचं ताट धरून वळवत होता. सीमेपलीकडे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं धावतात, म्हणून सरावासाठी तो घरातही उलट्या बाजूनं चाले आणि बायकोवर आपटे.

हा गडी जन्मात कधी सीमेपलीकडे गेला नव्हता. येत्या सुट्टीत पहिल्यांदाच जाणार होता. पण सल्ले द्यायला जाऊन यायलाच हवं असं थोडंच आहे! गिऱ्हाइकाची हनुवटी यंत्रावर टेकली की त्याला पळता येत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

"परदेशात गाडी न्यायची तर उजाडताच निघायचं. अंधारात चालवायची नाही. सीमेआधी टाकी फुल्ल. कागदपत्रं हाताशी, बॅगेच्या तळाशी नव्हे."

इथं थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण तोंडाला कुलूप कसलं!

"आणि कुठंही रेंगाळायचं नाही. धबधबा दिसला? दिसला. फोटो झाला? झाला. चला पुढं!"

बायको हे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देई. तिला ना धबधबे हवे होते, ना किल्ले. तिची थोरली बहीण लग्न होऊन पलीकडे गेली ती तिकडचीच झाली. आई गेली तेव्हाही तिला येता आलं नाही. दोघींचं एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं राहूनच गेलं होतं. रस्ता बहिणीच्या गावावरून जातो, एवढ्यासाठीच बायको या दौऱ्याला हो म्हणाली होती.

त्या सकाळी नळवाले काका नवा चष्मा न्यायला आले. तपासणीचा तक्ता त्यांना पाठ झालेला.

"मग हे वाचा," म्हणत चष्मेवाल्यानं शेजारी चिकटवलेल्या आपल्या दौऱ्याच्या बेताच्या कागदाकडे मोठ्या ऐटीत बोट दाखवलं.

काका नवा चष्मा चढवून खड्या आवाजात वाचू लागले, "किल्ला, तळं, दुसरा किल्ला, पेट्रोल पंप. पंपावर डिझेल, लघवी, मेहुणी." ते अडखळले. "मेहुणी पंपावर असते होय तुमची?"

"तिला तिथं बोलावून घेऊ. गावात शिरलो तर तिसरा किल्ला बुडतो."

बायकोच्या हातातलं फडकं थांबलं. "अहो, तिच्या घरी नाही जायचं?"

"अगं, त्या गावात बघण्यासारखं आहे तरी काय?"

"माझी बहीण आहे."

"मग दिसेल की पंपावर!"

काकांनी चष्मा काढला. पुढचं न दिसलेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं.

"बरं," बायको म्हणाली, "मला पंपावर उतरवा. तुम्ही पुढं जाऊन हवे तेवढे किल्ले बघा. येताना मला घ्या. तोवर मी ताईकडे राहते."

"आणि मला वाटेत रस्ता कोण दाखवणार?"

"साऱ्या गावाला दाखवत सुटलाय की! थोडा स्वतःलाही दाखवा."

काका फस्सकन हसले. नवरा पुन्हा ताट धरून वळवू लागला. बायकोनं तिथल्या तिथं फोन लावला.

"ताई, राहायला येतेय तुझ्याकडे. नाही गं, एकटीच. हे? हे फिरणारेत." पलीकडचं ऐकताना तिनं पदरानं डोळे टिपले. "आता नको रडूस. आल्यावर रडू."

फोन ठेवून ती काकांकडे वळली.

"कानामागं टोचतोय का?"

"थोडा टोचतोय, वहिनी."

तिनं चष्मा घेतला, काडी गरम हवा सोडणाऱ्या यंत्रावर धरली आणि बोटांनी हलकेच वाकवू लागली.