अख्खं जनावर, एकच भाव

भाव कमी करा म्हटलं की म्हातारा मान तिरकी करायचा, डोळे मिटायचा आणि दातांच्या फटीतून हवा आत ओढायचा. "स्स्स..." बराच वेळ. मग डोळे उघडून म्हणायचा, "कठीण आहे."

पहिल्यांदा मला वाटलं, याची दाढ दुखतेय. मी लवंगेचं तेल लावायला सांगितलं. त्याने कमरेत वाकून आभार मानले आणि पुढच्या खेपेला तेलाची बाटली आणून दाखवली. दाढ ठणठणीत होती. भाव तोच होता.

माझी आई वसईहून दादरला भाजी विकायला जायची. तिच्या टोपलीपाशी बसून मी भाव करायला शिकले. आमच्याकडे दुकानदार "कठीण आहे" म्हणाला, की त्याचा अर्थ, बसा, बोलू. जपानात त्याचा अर्थ सरळ 'नाही' असा. हे मला कळायला दोन वर्षं लागली. पटलेलं अजून नाही.

म्हातारा वयाने माझ्या वडिलांएवढा. तोंडावर मी त्याला तुम्हीच म्हणत असे. इथे 'तो' लिहितेय ते रागाने. कारण काय ते वाचा आणि तुम्हीच सांगा.

नवऱ्याच्या, म्हणजे पास्कूच्या, कंपनीने त्याला तोक्योला पाठवलं तेव्हा मी ओजिमाच्या सरकारी वसाहतीतल्या स्वयंपाकघरात डबे करायला लागले. पुढे त्या डब्यांचंच चौदा खुर्च्यांचं हॉटेल केलं, कुणाचा एक पैसा न घेता. आमच्या इंद्यालाला, त्या आंबट-तिखट रश्श्याला, बीफ लागतं, आणि सुपरमार्केटात ते कागदाएवढ्या पातळ चकत्यांत मिळतं, सोन्यासारखं मांडलेलं. त्याचं इंद्याल करायचं म्हणजे पैठणीची गोधडी शिवण्यासारखं. मग वसईची, गोव्याची, केरळची अशी सोळा घरं जमवली आणि ठरवलं, थेट शेतकऱ्याकडून अख्खं जनावर घ्यायचं. नाताळला एक, ईस्टरला एक.

चिबाच्या डोंगरात, दोन तासांवर, हा म्हातारा सापडला. वीस-पंचवीस जनावरांचा गोठा. तो जनावर कत्तलखान्यात पाठवायचा, तिथून तपासणीचा शिक्का बसून ते गावच्या खाटकाकडे यायचं, आणि खाटीक तुकडे करून खोकी भरून द्यायचा. सरळ व्यवहार. पण म्हाताऱ्याची एक अट होती. विकण्याआधी तो गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायचा.

गोठ्याच्या दाराशी एक तक्ता टांगलेला. त्यावर गाईचं चित्र, रेघा मारून भाग पाडलेले. म्हातारा काठीने एकेक भाग दाखवायचा.

"करी-सान, याचं काय करणार?" माझं नाव त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून मी करी-सान, म्हणजे करीवाल्या बाई.

"इंद्याल."

"हे?"

"खिमा."

"शेपटी?"

"कालवण. हाडांसकट."

"जीभ?"

"रोस्ट. नाताळची."

पुढच्या पायाच्या नळीपाशी मी अडकले. म्हाताऱ्याने काठी तिथेच धरून ठेवली. मुलगी पाहायला आलेल्यांनी स्वयंपाक येतो का विचारावं आणि मुलीची जीभ टाळ्याला चिकटावी, तशी माझी गत. वर पैसे मीच देणार होते! शेवटी पास्कू मागून म्हणाला, "सूप." म्हाताऱ्याने वहीत खूण केली. पास झालो.

"नुसतं कमरेचं मांस मागायला लोक येतात," तो म्हणाला. "बाकीची गाय काय चालत घरी जाणार?"

मग मी भावाला हात घातला. स्स्स. कठीण आहे. मी पुन्हा घातला. स्स्स. आणि तो उठून मागे गेला. मी पास्कूला कोपर मारलं. विरघळला! म्हातारा परत आला तो दोन कोबी घेऊन. माझ्या हातात दिले आणि वाकला.

असं दर खेपेला. नाही म्हटल्याचं त्याला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याची भरपाई तो भाजीने करायचा. मी जितकी घासाघीस करावी तितका कोबी. एकदा कांद्याची पात, चार मुळे आणि भोपळा मिळाला. सोळा घरांत मांसाबरोबर कोबीही सक्तीने वाटावा लागला. बायका सायकलवरच्या बाळाच्या खुर्चीत मांसाचं खोकं पट्ट्याने बांधायच्या, हँडलला कोबी लटकवायच्या आणि पुटपुटत घरी जायच्या. केरळची एक तर मला फोनवर म्हणाली, "ताई, पाया पडते, या वेळी भाव करू नका."

पास्कू म्हणायचा, "तुला गाय हवीय की जिंकायचंय?"

जिंकायचंच होतं. मी का लपवू? हॉटेलचा जागामालक मी नमवला होता, तांदूळवाला नमवला होता. या एका म्हाताऱ्याकडून मला एकदा, एकदाच, भाव कमी करून घ्यायचा होता.

तिसऱ्या नाताळला मी ठेवणीतलं हत्यार काढलं. उठले. "मग राहू दे," म्हटलं आणि चालू लागले. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की दुकानदाराने हाक मारायची, हा जगाचा नियम आहे. दहा पावलं झाली. वीस झाली. मागे वळून पाहिलं तर म्हातारा दारात वाकून उभा. निरोप देत होता!

"बस गाडीत," मी पास्कूला म्हटलं. "वळणावर थांबव. येईल मागे."

वळणावर अर्धा तास थांबलो. सोळा घरांची नाताळची जेवणं माझ्या डोक्यावर होती आणि पास्कू शीळ घालत होता. तेवढ्यात आरशात म्हाताऱ्याचा छोटा पांढरा ट्रक दिसला. "बघ!" मी म्हटलं. "आला की नाही?"

म्हातारा उतरला. हातात बॅटरीच्या तारा होत्या.

आमची गाडी बंद पडली असं त्याला वाटलं होतं. आता, भाव उतरायची वाट बघतोय असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी पास्कूला डोळ्यांनी खुणावलं. बिचाऱ्याने बॉनेट उघडलं. म्हाताऱ्याने बॅटरी तपासली. उत्तम. पाणी, तेल, सगळं उत्तम. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने शेजाऱ्याला फोन केला. शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला. दोघांनी आमच्या धडधाकट गाडीला दोर बांधला आणि चार किलोमीटरवरच्या गॅरेजपर्यंत ओढत नेली. पास्कू स्टिअरिंगवर गंभीर चेहरा करून बसलेला. मी ट्रकमध्ये म्हाताऱ्याशेजारी.

"घाबरू नका," तो मला दोनदा म्हणाला. "घरी पोचाल."

गॅरेजवाल्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तिघं जपानी एकमेकांकडे बघत राहिले. तिघंही वाकले. मी त्याच संध्याकाळी पूर्ण भावाने जनावर घेतलं. वर कोबी.

अशी सहा वर्षं गेली. मग एका नाताळाच्या तोंडावर त्याचा फोन आला. "करी-सान, आता एकच उरलीय. बघून जा."

गोठा धुऊन काढलेला, रिकामा. कोपऱ्यात एक म्हातारी गाय, पाठीचा कणा वर आलेली. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि मुलगा ओसाकात नोकरीला. ऐंशी ओलांडल्यावर हातांनी साथ सोडली, एवढंच तो म्हणाला. आणि मग त्याने भाव सांगितला.

निम्मा.

सहा वर्षांच्या सगळ्या स्स्स माझ्या कानांतून धुऊन निघाल्या. जिंकले! एक श्वासभर मी जिंकले होते. मग आईचं रक्त जागं झालं. न मागता कुणी कमी करतं का?

"का कमी?" मी विचारलं.

"म्हातारी आहे. अकरा वासरं झाली. मांस चिवट." तो तिच्या मानेवरून हात फिरवत होता. "हिचा भाव एवढाच."

म्हणजे सवलत नव्हतीच! सहा वर्षं राबले मी, आणि मिळालं काय, तर चिवट मांसाचा बरोबर भाव. माझं डोकं फिरलं.

"मी पूर्ण भाव देणार," मी म्हटलं.

त्याने मान तिरकी केली. "स्स्स... कठीण आहे."

"पाऊण तरी घ्या!"

"कठीण आहे."

"चार तास शिजवेन मी हिला. माझ्या चुलीवर चिवट असं काही नसतं. तुम्ही कोण ठरवणारे?"

"करी-सान," तो शांतपणे म्हणाला, "गाय माझी आहे."

पास्कू उलट्या बादलीवर बसला होता आणि पोट धरून हसत होता. "अगं, तो खाली ओढतोय आणि तू वर! गिऱ्हाईक कोण आहे नक्की?"

मी हरले. निम्म्यानेच घ्यावी लागली. म्हातारा आत गेला, पण त्या वर्षी त्याने भाजी लावलेलीच नव्हती. रिकाम्या हातांनी परत आला आणि तसाच उभा राहिला. ते मला बघवेना.

त्या दिवशी त्याने परीक्षा घेतली नाही. काठी भिंतीला टेकलेली. मी तक्त्यापाशी गेले आणि आपणहून एकेका भागावर बोट ठेवत सुटले. मान, खिमा. मांडी, इंद्याल. बरगड्या, केरळवाल्यांचं खोबऱ्याचे काप घातलेलं सुकं. शेपटी, कालवण. नळी, सूप. एकही भाग चुकवला नाही. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिला मीठ आवडायचं. जरा बेताने घाला."

याचा अर्थ काय, मला आजतागायत लागलेला नाही. पण मीठ मी बेताने घातलं. पाच तास शिजलं ते मांस, आणि सोळा घरांत त्या नाताळाला कुणी कोबीचं नाव काढलं नाही.

फेब्रुवारीत तो गेला. मुलाचं छापील कार्ड आलं, काळ्या कडेचं. माझं नाव पाकिटावर बरोबर लिहिलं होतं, सगळी अक्षरं. म्हणजे म्हाताऱ्याकडे ते कुठेतरी लिहिलेलं होतं.

आता मी बीफ एका मोठ्या व्यापाऱ्याकडून घेते. परवा ईस्टरची ऑर्डर देताना फोनवर सवयीने म्हटलं, "थोडं कमी करा." पलीकडचा पोरगा लगेच म्हणाला, "हो, करतो की. दहा टक्के चालतील?"

मी फोन कानाला लावून उभी.

पास्कूने वर्तमानपत्र खाली केलं. "काय झालं? नाही म्हणाला?"

"हो म्हणाला, मेला," मी म्हटलं आणि फोन आपटला.