पुसेगावकडचा पहिला ट्रक

"आमचा कापसाचा पहिला ट्रक जिनिंगला जाऊन राहिला, बघायला ये," असा संगीताचा फोन आला आणि मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. संगीता म्हणजे परभणीला शिकतानाची माझी रूममेट. आता ती हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पुढच्या एका खेड्यातली सून आणि तिथल्या शेतकरी संस्थेची अध्यक्ष. मी सांगलीकडची, उसातली. सहकारातलं आपल्यालाच सगळं कळतं असा आमच्याकडे समज असतो, आणि मी काही त्याला अपवाद नाही.

मिरजेहून हिंगोलीला थेट गाडी आहे, पण रोज नाही. वार बघूनच बेत आखा. हिंगोलीत स्टँडजवळ सुशीला खा. चुरमुऱ्यांचा हा झणझणीत नाश्ता आमच्याकडे मिळत नाही, आणि चहासकट अगदी स्वस्तात पोट भरतं. पुढे पुसेगावपर्यंत एसटी, मग काळीपिवळी जीप. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, त्यामुळे खिडकीची जागा सोडू नका.

बियाणं-खत एकगठ्ठा आणणं, पेरणीला सभासदांना उचल देणं ही कामं संस्था आधीपासून करते. कापूस मात्र जो तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला घालायचा, तो म्हणेल त्या भावाने. यंदा पहिल्यांदाच सगळ्यांचा माल एकत्र जाणार होता. सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याने बजावलं होतं, पहिला ट्रक कोरडा आला तर हंगामभर तुमचा कापूस घेऊ, ओला निघाला तर पुन्हा येऊ नका. त्या काळजीने आदल्या रात्री संगीताला जेवण गेलं नाही. मला मात्र तुरीच्या सोल्यांची आमटी, ठेचा आणि भाकरी भरपूर गेली.

सकाळी गोदामापुढे प्रत्येकाचा ढीग वेगळा लागला. इथला नियम मला फार आवडला: आपल्या घरचा ढीग आपण तपासायचा नाही. शेजाऱ्याने कोपरापर्यंत हात घालायचा आणि सांगायचं. शेजारच्या गयाबाई संगीताच्या सासऱ्यांच्या ढिगाशी आल्या, हात घातला आणि तसाच ठेवला.

"संगीता, आतून ओलं हाय गं."

सुनेचा पहिला ट्रक रिकामा दिसू नये म्हणून सासऱ्यांनी उजाडताच वेचणी लावली होती. दव उतरायच्या आत वेचलेला कापूस वरून कोरडा लागतो, आत ओल धरून बसतो. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? पण हौस आडवी आली.

"ट्रकच्या मधात टाका, कोणाला दिसून राहिलं?" मागून एकजण म्हणाला. संगीता स्वतः हात घालायला पुढे झाली, तर गयाबाईंनी तिला अडवलं.

"तू न्हाई. तुझ्या घरचा हाय. म्या सांगितलं, आता भरायचं का न्हाई तेवढं बोल."

खरं सांगते, मी असते तर भरला असता. संगीता सासऱ्यांकडे वळली. त्यांना ती मामा म्हणते.

"मामा, हे आज न्हाई जात."

"काहून? तुह्यासाठीच आणलं ना म्या."

"व्हय. म्हणूनच न्हाई जात."

मामा तिथून निघून गेले. थोड्या वेळाने ताडपत्री घेऊन आले आणि कापूस एकट्यानेच उन्हात पसरू लागले. मी मदतीला गेले तर हातानेच नको म्हणाले. ट्रक अर्धवट भरून गेला. दुपारी मामा आमच्या पंगतीला बसले नाहीत, आणि संगीतानेही ताट तसंच सरकवलं. मला फार वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी औंढ्याकडून सिद्धेश्वर धरण बघून परत निघाले. हिवाळ्यात पाणी भरपूर असतं, जरूर जा. माझं मात्र अर्धं लक्ष फोनकडे होतं.

घरी पोचून बॅग उघडते तोच संगीताचा फोन आला. माल पास झाला होता, हंगामभराचं ठरलं होतं. आमच्याकडच्या सहकाराच्या सभांतली भाषणं आता मला कितपत ऐकवतील, शंकाच आहे. मी घाबरतच विचारलं, "आणि मामा? बोलतात का?"

"बोलतात की. दव उतरल्याबिगर कोणाला वावरात पाय ठेवू देऊन न्हाई राहिले. आज मलाच बांधावरून परत लावलं."